कर्मवीर भाऊराव पाटील : मूठभर धान्यातून उभे राहिलेले ज्ञानदान

जैन धर्मात श्रावकासाठी आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. यांपैकी आहारदानाची आणि औषधदानाची परंपरा आपल्या समाजात अखंड चालत आली. शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान मात्र बराच काळ ग्रंथांच्या प्रती करविणे आणि पाठशाळा चालविणे एवढ्यापुरते राहिले होते. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नाही, अशा मुलाला पुस्तक देऊन भागत नाही. त्याला आधी निवारा आणि अन्न लागते, आणि ते देताना त्याची मान खाली जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. चारही दाने एकाच छपराखाली आणण्याचे हे काम दक्षिण महाराष्ट्रातील एका जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या पुरुषाने केले. ते कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी बाहुबलीच्या डोंगराजवळील कुंभोज या गावी झाला. घराणे मूळचे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस होते आणि आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण गावोगाव गेले. अभ्यासापेक्षा कुस्तीची ओढ अधिक. शरीर धिप्पाड, स्वभाव तापट आणि अन्याय दिसला की हात शिवशिवत. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, ही त्यांच्या लहानपणची गोष्ट सर्वश्रुत आहे.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने त्या काळी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला होता, आणि जैन बोर्डिंग हे त्या जागृतीचेच फळ होते. खेड्यापाड्यांतील किती जैन मुले त्या बोर्डिंगमुळे शिकली, हे येथे निराळे सांगण्याचे कारण नाही. परंतु बोर्डिंगचे नियम कडक होते. सोवळेओवळे पाळावे लागे. बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. ते एम. ए. झालेले, विद्वान आणि समाजसुधारणेची तळमळ असलेले गृहस्थ होते. मात्र शिस्तीच्या बाबतीत तडजोड करणारे नव्हते.

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटन समारंभास भाऊराव जाऊन आले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज बोर्डिंगमध्ये वावरता येणार नाही असे त्यांना सांगण्यात आले आणि भाऊरावांनी त्यास साफ नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांची राहण्याची व्यवस्था केली, पण इंग्रजी सहावीच्या पुढे शिक्षण गेले नाही. आपल्याच समाजाने गरीब मुलांसाठी उभारलेल्या वसतिगृहातून हा मुलगा बाहेर पडला. कारण एवढेच, की दुसऱ्या गरीब मुलांसाठी उघडलेल्या वसतिगृहाच्या दारात तो उभा राहिला होता. हा प्रसंग आपल्या समाजाला सुखावणारा नाही. तरीही भाऊरावांचे चरित्र सांगताना तो गाळता येत नाही, कारण पुढे त्यांनी जी जी संस्था काढली तिच्या दारावर त्यांनी जात विचारली नाही.

या प्रसंगाला एक उत्तरार्ध आहे आणि तो पहिल्याहून मोठा आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्या प्रकरणात लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. जुना राग काढण्याची याहून सोयीची संधी कोणती मिळाली असती? भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला. त्यासाठी त्यांना कोठडी भोगावी लागली, अतोनात हाल सोसावे लागले, पण ते बधले नाहीत. ज्याने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्याच्यासाठी इतके सोसण्यामागे लठ्ठ्यांविषयीचे प्रेम होते असे म्हणता येणार नाही. असत्य बोलायचे नाही, एवढाच हिशेब असावा. पुढे हेच लठ्ठे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

दरम्यान भाऊरावांचा विवाह कुंभोजच्याच एका सधन जैन घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला होता. उपजीविकेसाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या धरल्या आणि ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. याच सुमारास, १९१० मध्ये, वारणेच्या काठी दुधगाव येथे नाना येडेकर आदी तरुण मित्रांच्या सहकार्याने त्यांनी शिक्षण मंडळ काढून विद्यार्थी आश्रम सुरू केला. मंडळ चालविणारे तरुण बहुतेक जैन, पण आश्रम सर्व जातींच्या मुलांसाठी. जैन बोर्डिंगमधून बाहेर पडून फार वर्षे झाली नव्हती. त्या अनुभवाचे उत्तर भाऊरावांनी भाषण करून दिले नाही, दुधगावात आश्रम काढून दिले. पुढे त्यांच्या हातून जे महत्कार्य झाले त्याचा आराखडा दुधगावातच तयार झाला होता असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

मंडळापाशी पैसा नव्हता. त्यावरचा उपाय पुढे मुष्टिफंड या नावाने प्रसिद्ध झाला. घरच्या गृहिणीने दळणाच्या वेळी जोंधळ्याची किंवा बाजरीची एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकावी. ठराविक दिवशी मुलांनी घरोघर जाऊन ते धान्य गोळा करावे आणि त्यावर वसतिगृहाचे स्वयंपाकघर चालावे. दिसायला ही गोष्ट साधी, पण तिच्यातील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. एका सावकाराची देणगी आली तर वसतिगृह त्या सावकाराचे होते. शंभर घरांतून मूठमूठ आली तर ते गावाचे होते. ज्या घरातून धान्य येई त्या घरची बाई मुलांची चौकशी करू लागे. देणारीही बहुधा गरीबच असे. त्यामुळे घेणाऱ्याला लाज वाटत नसे आणि देणारीला गर्व होत नसे.

त्यानंतरची काही वर्षे भाऊरावांनी ओगले यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरासाठी विक्रेते म्हणून काम केले. सातारा, सांगली, कोल्हापूर भागांतील असंख्य खेडी त्यांनी या निमित्ताने पायाखाली घातली. नांगर विकण्यासाठी शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागे. बसले की त्याचे कर्ज, सावकाराची वही आणि न वाचता उठविलेला अंगठा यांच्या कहाण्या ऐकू येत. दारिद्र्याची कारणे त्यांनी पुस्तकांतून वाचली नाहीत, ती ओसरीवर बसून ऐकली. पुढे धनजीशा कूपर यांच्याबरोबर साताऱ्याजवळ कारखाना उभारण्यातही त्यांचा वाटा होता; पण मतभेद झाले आणि तो व्यवसाय त्यांनी सोडला. व्यापारात राहते तर भाऊराव श्रीमंत झाले असते, यात शंका नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. सत्यशोधक समाजाच्या चळवळीत भाऊराव सक्रिय होते आणि त्या चळवळीतील सहकाऱ्यांच्या पाठबळावरच हे पाऊल पडले. नाव ठेवतानाही त्यांनी कोणा जातीचे, घराण्याचे वा देणगीदाराचे ठेवले नाही. ठेवले ते रयतेचे. संस्थेच्या उद्दिष्टांत मागासलेल्या वर्गात शिक्षणाची गोडी निर्माण करणे, गरीब मुलांना विनामूल्य शिक्षण देणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांत प्रेमभाव वाढविणे आणि त्यांना काटकसरी, स्वावलंबी व शीलवान बनविणे या गोष्टी होत्या. काटकसर आणि स्वावलंबन ही उद्दिष्टे शिक्षणसंस्थेच्या घटनेत कशासाठी, असा प्रश्न एखाद्याला पडेल. भाऊरावांच्या दृष्टीने दारिद्र्य आणि अज्ञान हे दोन रोग नव्हते, एकच होता. म्हणून औषधही एकच हवे होते.

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्य कार्यालय साताऱ्यास हलविण्यात आले आणि तेथील वसतिगृहाची वाढ होऊ लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशा सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीत जेवत. एवढेच नव्हे, तर स्वयंपाकही आळीपाळीने तीच करीत. पाणी भरणे, दळणे, झाडलोट, शेतात राबणे यांतून कोणाचीही सुटका नसे, मग तो पाटलाचा मुलगा असो की बलुतेदाराचा. त्या काळचे खेडे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच यातील धाडस कळेल. अनेक पालक रागावले, काहींनी मुले परत नेली. पण भाऊरावांनी पंक्ती वेगळ्या केल्या नाहीत.

लक्ष्मीबाईंचे नाव निघाले की मंगळसूत्राचा प्रसंग सांगितला जातो आणि बहुधा तेवढ्यावरच थांबले जाते. भाऊराव बाहेरगावी असताना वसतिगृहातील धान्य संपले, मुले उपाशी राहण्याची वेळ आली, तेव्हा या माउलीने गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले, ही गोष्ट खरीच हृदयस्पर्शी आहे. माहेरून आलेले दागिने तर त्याआधीच एकेक करून गेले होते. परंतु याहून अवघड त्याग त्यांनी निराळाच केला होता. कडक सोवळ्यात वाढलेल्या या श्राविकेच्या चुलीपाशी सर्व जातींची मुले येऊन बसत. जन्मापासूनचे संस्कार बाजूला सारून त्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे जेवू घालणे हे सोने देण्याइतके सोपे नव्हते. सुरुवातीला त्यांच्या मनाची ओढाताण झाली. पुढे मात्र पती परगावी असताना सारे वसतिगृह त्याच सांभाळीत. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत संस्थेचा वटवृक्ष वाढला नव्हता. फांद्या पसरल्या त्या नंतर. त्यांच्या नावाची सहकारी पतपेढी संस्थेत पुढे निघाली आणि हुशार पण गरीब विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी कर्ज देण्याचे काम तिने केले. मंगळसूत्र देणाऱ्या स्त्रीचे याहून उचित स्मारक सुचणे कठीण.

पतपेढीची ही कल्पना भाऊरावांच्या कार्यपद्धतीचा गाभा होता. विद्यार्थ्याला फुकट द्यायचे ते शिक्षण; बाकी जे द्यायचे त्याच्या बदल्यात श्रम घ्यायचे, किंवा ते कर्जाऊ द्यायचे आणि कमावता झाल्यावर परत घ्यायचे, म्हणजे त्याच पैशात मागचा मुलगा शिकेल. सेवकांसाठी १९४० मध्ये रयत सेवक सहकारी बँक निघाली. तुटपुंज्या पगाराच्या शिक्षकाला सावकाराकडे जावे लागू नये, हा तिचा हेतू. संस्थेच्या पैशावर शिकून मोठे झालेले विद्यार्थी आजीव सेवक म्हणून संस्थेतच परत येत आणि कारभाराची धुरा उचलीत. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांतील ठळक नाव. शाहू बोर्डिंगमधील हा विद्यार्थी विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला आणि पुढे संस्थेच्या कार्याला वाहून घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोहोचला. ज्यांच्यासाठी मंडळ काढले तेच काही वर्षांनी मंडळाच्या सभेत निर्णय घेण्यास बसले, हे किती सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत घडते? बहुतेक ठिकाणी देणाऱ्यांचे विश्वस्त मंडळ आणि घेणाऱ्यांची रांग या दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्याच राहतात.

पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. तेथून बाहेर पडलेल्या तरुण शिक्षकांच्या बळावर भाऊरावांनी व्हॉलंटरी शाळांची मोहीम उघडली. ज्या खेड्यात शाळाच नाही तेथे शिक्षक जाई. देवळात, चावडीत, नाहीतर झाडाखाली मुले बसत. अशा पाचशेहून अधिक शाळा संस्थेने चालविल्या. पुढे त्या सरकारी यंत्रणेकडे सुपूर्द करण्यात आल्या. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. श्रम करून शिकण्याची सोय असलेले हे मोफत आणि निवासी हायस्कूल खेड्यातील मुलांसाठी वरदान ठरले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराड येथे गाडगे महाराजांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर कोणी मोठी देणगी देऊ केली असता भाऊरावांनी ती परत केली, असे साताऱ्यात आजही सांगितले जाते. पैशाची निकड त्यांना सदैव होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या नकाराचे मोल कळते.

१९४८ चे वर्ष कसोटीचे ठरले. महात्माजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच वर्षी त्यांच्या स्पष्टोक्तीमुळे मुंबई सरकारची नाराजी ओढवली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांचे पगार थकले. भाऊरावांची जीभ तिखट होती, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे. संस्थाप्रमुखाने थोडे जपून बोलावे असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण या संकटात मूठमूठ धान्य देणारी तीच माणसे संस्थेच्या पाठीशी उभी राहिली. शिक्षकांनी ओढगस्त सोसली, लोकांनी वर्गणी दिली आणि गाडगे महाराजांनी आपले वजन संस्थेच्या बाजूने खर्ची घातले. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. एखाद्या धनिकाच्या देणगीवर उभी असती तर ही संस्था त्या वर्षीच बंद पडली असती.

गाडगे महाराज आणि भाऊराव यांचा स्नेह हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एकाने कीर्तनातून पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविण्याचा उपदेश करावा आणि दुसऱ्याने त्या मुलांसाठी शाळा काढावी, असा हा योग होता. दोघेही साधे राहिले. भाऊराव महात्माजींच्या प्रभावाने खादी वापरू लागले आणि शेवटपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. दाढी वाढलेली, अंगात जाडेभरडे वस्त्र आणि हातात काठी अशी त्यांची मूर्ती पाहून हा माणूस शेकडो शाळांचा संस्थापक आहे, हे अनोळखी माणसाला खरे वाटत नसे. विद्यार्थी आणि सहकारी त्यांना अण्णा म्हणत. कर्मवीर ही पदवी लोकांनी दिलेली.

दिगंबर जैन कुळात जन्मलेल्या या पुरुषाने धर्मावर प्रवचने दिली नाहीत. देवदर्शनाला किती वेळा गेले, व्रते कोणती केली, याविषयी चरित्रांत फारसे सापडत नाही. त्यावरून काहींनी त्यांना धर्मापासून दूर गेलेले मानले. परंतु अपरिग्रहाचे व्रत नावाने न घेता आचरणात कसे उतरते हे पाहायचे असेल, तर ज्यांच्या हाती लाखो रुपये आले आणि ज्यांच्या घरात शेवटपर्यंत बडेजाव आला नाही अशा या पुरुषाकडे पाहावे. जैन बोर्डिंगविषयी त्यांनी मनात अढी धरली असे दिसत नाही. त्यांच्या वसतिगृहांतून जैन मुले इतरांच्या बरोबरीने शिकली, आणि दक्षिण महाराष्ट्रातील जैन शेतकऱ्यांच्या मुष्टीही त्या मडक्यांत पडत राहिल्या.

अखेरच्या काळात प्रकृती ढासळली. २६ जानेवारी १९५९ रोजी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी पुणे विद्यापीठाने, इंग्रजी सहावीवर शिक्षण थांबलेल्या या शिक्षणमहर्षीला डी. लिट. ही सन्मान्य पदवी अर्पण केली. त्यानंतर जेमतेम महिनाभराने, ९ मे १९५९ रोजी, पुण्यातील ससून रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. तोपर्यंत संस्थेची शंभराहून अधिक हायस्कुले, तीन महाविद्यालये आणि अनेक वसतिगृहे उभी राहिली होती. त्यांची समाधी साताऱ्यातच, त्यांच्या संस्थेच्या परिसरात आहे. २०१९ मध्ये संस्थेने शताब्दी साजरी केली आणि २०२१ मध्ये साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. छत्रपती शिवाजी कॉलेज हे त्या विद्यापीठाचे एक घटक महाविद्यालय असून त्याचे नाव कायम आहे.